मे महिन्याची सुट्टी : मुलांचा दिवस घरच्या घरी कसा बांधायचा?

मृण्मयी_डोंबिवली | २४ एप्रिल, रात्री १०.१२

मुलांची परीक्षा संपली. २ मे ते १४ जून, मोजून ४४ दिवस सुट्टी. मुलगा दहा वर्षांचा, लेक सहाची. आम्ही दोघंही नोकरी करतो, मला आठवड्यातून दोन दिवस घरून काम. सासूबाई आमच्याकडेच असतात. वय एकाहत्तर, गुडघे दुखतात, पण मुलांचं सगळं हौसेने करतात.

गेल्या वर्षी मी मोठा कार्डशीट आणून अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक रंगवलं होतं. ९ ते ९.३० चित्रकला, ९.३० ते १० शुद्धलेखन, असं रात्रीपर्यंत. चौथ्या दिवशी ते बंद पडलं. पुढचा महिनाभर दुपारी बारा ते पाच मोबाईल आणि टीव्ही. संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा मुलं चिडचिडी आणि सासूबाई दमलेल्या. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, ती दोघं घरात असून माझ्याशी बोलतच नाहीत." ते वाक्य वर्षभर डोक्यातून गेलं नाही.

यंदा शिबिरांवर फार खर्च करायचा नाही आणि सासूबाईंवर भारही टाकायचा नाही. मुलांना मजा आली पाहिजे, पण दिवसाला काही आकार हवा. तुम्ही काय करता? आपापले अनुभव सविस्तर लिहा.

---

चिंचोका | २४ एप्रिल, १०.४०

काहीच करू नका. मुलांना कंटाळू द्या. कंटाळा आला की तीच काहीतरी शोधून काढतात. आमच्या लहानपणी कुणी वेळापत्रक केलं होतं?

---

सागरगोटे | २४ एप्रिल, ११.०५

पत्ते! दोन कॅट आणून ठेवा, दुपार कशी जाते कळणार नाही. सहा वर्षांच्या लेकीला भिकार-सावकार आणि बदाम सात. दादाला नॉट ॲट होम, झब्बू.

आजी धरून तिघं आहेत ना, मग पाच-तीन-दोन तर हवंच. आठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंगांचे २८ पत्ते, वर इस्पिकची आणि बदामची सत्ती, म्हणजे ३०. प्रत्येकाला दहा. पहिले पाच पत्ते वाटले की ज्याला पाच हात करायचेत तो हुकूम बोलतो. ज्याचे हात कमी पडतील त्याचे पत्ते पुढच्या डावात ओढून घ्यायचे. लहानीला सुरुवातीला आजीच्या शेजारी बसवून तिच्या सल्ल्याने खेळू द्या, आठवड्यात स्वतंत्र खेळायला लागेल. एरवी वहीत न होणारी बेरीज-वजाबाकी हात मोजताना तोंडी होते.

---

निवृत्त_मास्तर | २५ एप्रिल, सकाळी ६.१८

मृण्मयीताई, ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, तीन नातवंडं दर मे महिन्यात माझ्याकडे असतात. त्या अनुभवावरून लिहितो.

अर्ध्या तासाच्या तुकड्यांचं वेळापत्रक शाळेत चालतं, कारण तिथे घंटा असते आणि घंटा वाजवणारा माणूस असतो. घरी घंटा कोण वाजवणार? आजी किंवा तुम्ही. मग मुलांचं आणि तुमचं नातं घंटेचं होऊन बसतं. त्याऐवजी दिवसाला तीन खुंट्या ठोका आणि मधला दिवस त्यांना मोकळा द्या.

पहिली खुंटी सकाळची. नऊच्या आत बाहेर जाऊन यायचं. दूध आणायला, मैदानावर, झाडं बघायला, कुठेही. दुसरी दुपारची. जेवण झाल्यावर तासभर घर शांत. झोप किंवा वाचन, तिसरा पर्याय नाही. आणि तिसरी संध्याकाळची. घरातलं एक काम मोठ्यांच्या बरोबरीने. लुटुपुटुचं नव्हे, खरं काम. शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या, पाणी भरणे, कोथिंबीर निवडणे.

वाचनासाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. १९७१ साली सुरू झालं, आणि जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. मी नातवंडांसाठी निवडक पानं छापून घेतो आणि बाइंडिंगवाल्याकडून जाड पुठ्ठा लावून आणतो. मोठ्या नातवाने ते धाकट्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं असा आमच्याकडे नेम आहे. शुद्धलेखनाची सक्ती मात्र करू नका.

---

रात्रपाळी | २५ एप्रिल, दुपारी २.३३

चिंचोका, तुमच्या लहानपणी वेळापत्रक नव्हतं, कारण वाड्यात दहा मुलं होती आणि ओसरीवर चार मोठी माणसं बसलेली असायची. कंटाळा आला तर समोरचं दार उघडं होतं. मी परिचारिका आहे, नवरा फिरतीवर. माझा नऊ वर्षांचा मुलगा बंद फ्लॅटमध्ये कंटाळला की त्याच्यासमोर खेळगडी नसतो, मोबाईल असतो. त्याला 'कंटाळू द्या' म्हणजे मोबाईलच्या हवाली करा, एवढाच अर्थ उरतो.

म्हणून मी त्याला शिबिरात घालते आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. तिथे त्याला मुलं भेटतात. आणि मृण्मयी, 'सासूबाईंवर भार टाकायचा नाही' हे लिहिलंस ते फार बरं केलंस. बहुतेक सल्ल्यांमध्ये आजीला गृहीतच धरलेलं असतं.

---

चिंचोका | २५ एप्रिल, ३.१०

रात्रपाळी, पटलं. मी मुलांच्या घोळक्याचा विचार करून लिहिलं होतं, एकट्या मुलाचा नाही. माझं वाक्य असं वाचा : चार मुलं जमवून द्या आणि मग कंटाळू द्या.

---

दोघांचा_बाबा | २५ एप्रिल, ४.०२

ते जमवणंच तर मुख्य आहे. आमच्या सोसायटीत (पिंपरी) गेल्या मे महिन्यात पाच घरांनी वार वाटून घेतले. सोमवार एकांकडे, मंगळवार दुसऱ्यांकडे. दुपारी ३ ते ५.३०, मुलं सात. ज्याच्या घरी, त्या घरातलं एक मोठं माणूस हजर. खाणं साधं, भेळ, चुरमुरे, कलिंगड. मी सोमवारी सुट्टी टाकू शकत नव्हतो म्हणून शनिवार घेतला.

मी त्यांना अरविंद गुप्तांची खेळणी करायला लावली. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे हे गृहस्थ पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं काम करत होते, २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर सगळं फुकट आहे, मराठीतही बरंच. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या (गूल खरवडून टाकलेल्या) यांपासून त्रिकोण, चौकोन, घनाकृती होतात. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. सात वर्षांच्या मुलीने ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखालचे त्रिकोण दाखवायला घेऊन गेली.

---

अकोलेकर | २५ एप्रिल, रात्री ९.२०

तुम्ही मुंबई-पुण्याकडचे लोक दुपारी तीनला मुलांना दुसऱ्यांच्या घरी पाठवता ते वाचून काळजी वाटते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असते. सकाळी साडेपाचला पोट्टे मैदानावर, आठला घरात. मग खिडक्या बंद, कूलर सुरू, संध्याकाळी सहापर्यंत कुणी उंबरा ओलांडत नाही. शाळाही जूनच्या शेवटाकडे उघडते, म्हणजे आमची सुट्टी तुमच्याहून लांब.

अशा दहा तासांच्या दुपारीसाठी आमच्या आईचा एक नियम आहे. कूलरच्या टाकीत पाणी भरणं हे मुलांचं काम. दोन तासांनी एकदा, पाळीपाळीने, कळशीने. वाळ्याचे तट्टे असतील तर त्यावर पाणी मारणं पण त्यांचंच. त्या गारव्यावर मग त्यांचा हक्क वाटतो त्यांना.

---

गावची_डॉक्टर | २६ एप्रिल, सकाळी ७.४५

एक कळकळीचं सांगणं, धाग्याच्या विषयाला थोडं सोडून. सुट्टीत मुलं आजोळी जातात, आणि दर वर्षी विहिरीत, शेततळ्यात, नदीच्या डोहात मुलं बुडतात. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने निसरडा होतो, आत घसरलेल्याला वर चढता येत नाही, काठावरचं मूल त्याला हात द्यायला जातं आणि तेही आत जातं. पोहायला शिकवा, जरूर शिकवा, पण पोहणारा मोठा माणूस सोबत असल्याशिवाय पाण्याजवळही नाही. दुसरं मूल पाण्यात पडलं तर उडी मारायची नाही, ओरडायचं आणि दोर, साडी, बांबू फेकायचा, हे त्यांना आधी शिकवा.

उन्हातून येऊन उलटी-जुलाब झाले तर घरातलं पाणी : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मोजूनच घाला, अंदाजे नको. मूल गळून गेलं, लघवी कमी झाली किंवा बरळायला लागलं तर घरी थांबू नका.

---

मृण्मयी_डोंबिवली | २६ एप्रिल, ९.३०

डॉक्टर, हे विषय सोडून अजिबात नाही. मुलं आठवडाभर माझ्या माहेरी जाणार आहेत, तिथे शेततळं आहे. आजच भावाला फोन करते.

मास्तर, तीन खुंट्या मनात बसल्या. अकोलेकर, माझी नणंद तुमच्याच गावची. तिचा मुलगा जूनमध्ये आमच्याकडे येतो आणि नेमकी तेव्हा आमची शाळा सुरू होते, दर वर्षीचं रडगाणं.

---

आकाशकंदील | २६ एप्रिल, ११.१५

डोंबिवलीकरांनी १६ मे ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. शून्य सावली दिवस.

सूर्य उत्तरेकडे सरकत जातो आणि साडेतेवीस अंशांवरच्या कर्कवृत्तापर्यंत जाऊन परत फिरतो. अख्खा महाराष्ट्र त्या वृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक गावावर तो वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो. जुलै-ऑगस्टमधला दिवस ढगांत जातो, मे महिन्यातला दिसतो. कोल्हापूरला ६-७ मे, पुण्यात १३-१४, मुंबईत १५, ठाणे-डोंबिवलीला १६, अकोल्याला २३ आणि नागपूरला २६ च्या आसपास. वेळ बाराची नाही बरं का. मुंबई-डोंबिवलीकडे १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास, नागपूरला १२.१० च्या सुमारास, कारण आपलं घड्याळ अलाहाबादजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत.

साहित्य : एक सरळ उभा डबा आणि खडू. आदल्या आठवड्यापासून रोज त्याच वेळी सावलीच्या टोकावर खूण करायची. सावली दिवसेंदिवस आखूड होत जाते, ते बघण्यातच खरी गंमत आहे. पाच मिनिटांचं काम, टोपी घालून.

---

परदेशी_पाखरू | २६ एप्रिल, रात्री ११.५०

आमच्याकडे न्यू जर्सीत सुट्टी जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, दहा आठवडे. शिबिरांच्या जागा हिवाळ्यातच भराव्या लागतात. रविवारची मराठी शाळाही उन्हाळ्यात बंद, त्यामुळे वर्षभर कमावलेलं मराठी ऑगस्टपर्यंत पुसट होतं.

त्यावर आम्ही पत्रं काढली. लेक दर आठवड्याला साताऱ्याच्या आजोबांना एक पत्र लिहिते, चार ओळी का होईना, देवनागरीत. आजोबा उत्तर देतात. पहिल्या पत्रात तिने 'मी मजेत आहे' मधला 'जे' उलटा लिहिला होता. आजोबांनी चूक दाखवली नाही, उत्तरात तोच शब्द तीनदा सुबक काढून पाठवला. पुढच्या पत्रात तिचा 'जे' सरळ होता. भारतात तर पोस्टकार्ड अजून पन्नास पैशाला मिळतं. डोंबिवलीच्या दादाने अकोल्याच्या भावाला लिहायला काय हरकत आहे?

---

सुगरणीचा_खोपा | २७ एप्रिल, दुपारी १.०५

पत्रांची कल्पना फारच आवडली.

खऱ्या कामाबद्दल मास्तरांनी लिहिलंय त्यात भर घालते. वाळवण. माझ्या मते मे महिन्यात मुलांना देण्यासारखं यापेक्षा चांगलं काम नाही. त्यात आधी भिजवणं आहे, मग वाट पाहणं, मग घाई, मग राखण. आम्ही दर वर्षी दोन किलो गव्हाच्या कुरडया करतो. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर येतं. ते दाबून बघायचं काम मुलांचं, आणि ते दर तासाला बघतात. मग वाटायचं, गाळायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं पिवळट पाणी हलक्या हाताने ओतलं की तळाशी घट्ट चीक.

चीक शिजवणं मात्र मोठ्यांनीच करायचं, तो उडतो आणि चिकटून भाजतो. पण शिजल्यावर वाटीत गरम चीक, वर दूध-साखर, ही मुलांची पहिली मजुरी. सोऱ्या दाबायला मुलगा, गोल फिरवायला आजी खुर्चीत बसून. गुडघे दुखणाऱ्या आजीला यात उठबस नाही, आणि सगळ्यांत मोठा मान तिचा. चीक किती शिजला हे तिच्याशिवाय कुणाला कळतंय? आणि गच्चीवर पसरल्यावर कावळ्यांची राखण सावलीत बसून पाळीपाळीने.

---

रात्रपाळी | २७ एप्रिल, ५.४०

वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. पण नोकरी करणाऱ्या बाईने चार दिवसांचं हे कसं साधायचं? आमच्या सोसायटीत तर गच्चीला कुलूप असतं.

---

सुगरणीचा_खोपा | २७ एप्रिल, ६.१५

साबुदाण्याच्या पळीपापड्या कर. रात्री भिजव, सकाळी शिजव, प्लास्टिकच्या कागदावर पळीने घाल. बाल्कनीत ऊन येत असेल तर दोन-तीन दिवसांत वाळतात. पळीने घालायला तुझा लेक पुरतो. वेडेवाकडे आकार झाले तरी तळल्यावर सगळे फुलतातच.

---

दोघांचा_बाबा | २८ एप्रिल, सकाळी ८.००

मोबाईलबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे 'कमी बघ' असं सांगून काही झालं नाही. वेळ ठरवल्यावर झालं. संध्याकाळी ६ ते ६.४५ टीव्ही किंवा मोबाईल, त्याआधी कुणी मागायचं नाही, त्या वेळात कुणी ओरडायचं नाही. आणि रात्रीच्या जेवणाला सगळ्यांचे मोबाईल पितळी डब्यात, माझाही. पहिले तीन दिवस कठीण गेले. मुलाने माझा मोबाईल वाजल्यावर माझ्याकडे बघितलं. मी उठलो नाही, तेव्हा त्याला ते खरं वाटलं.

---

मृण्मयी_डोंबिवली | १७ मे, रात्री १०.३०

धागा वर काढतेय, काय काय झालं ते सांगायचं होतं.

कार्डशीट या वर्षी आणलाच नाही. तीन खुंट्या ठेवल्या. सकाळी सात वाजता दोघं बाबांबरोबर खाडीच्या बाजूला चालून येतात. वाटेत एक बहावा आहे, पूर्ण पिवळा झालाय. तांबटाचा टुकटुक आवाज ऐकू येतो, तो तीन दिवस शोधल्यावर सापडला. एवढासा हिरवा पक्षी! दुपारी तासभर शांतता. पहिल्या आठवड्यात लेक रोज दहा मिनिटांनी 'झाला का तास' विचारायची, आता झोपते. तीन घरांनी वार वाटून घेतलेत, माझा वार घरून कामाचा नसलेला शनिवार.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलाला घड्या घालायला आवडत नाही, दोनदा भांडण झालं. मग त्याने स्वतःच पाणी भरण्याचं काम मागून घेतलं. बाटल्या, माठ, कुंड्या, तिन्ही तोच बघतो. माठ तळाला गेला की आता आधी त्याला कळतं.

काल शून्य सावली. ८ तारखेपासून गच्चीवर स्टीलचा डबा ठेवून खडूने खुणा केल्या होत्या. काल ढग येत-जात होते, मला धाकधूक. साडेबाराला ऊन पडलं. १२.३५ ला डब्याची सावली बुडाशी गेली ती दिसेचना. मुलगा डब्याभोवती फिरून चारही बाजूंनी बघून आला. लेक स्वतः ताठ उभी राहिली, खाली बघितलं, एक पाय उचलला आणि म्हणाली, "माझी सावली चपलेखाली गेली!" सासूबाई गुडघ्यांमुळे गच्चीवर येत नाहीत. खाली आल्यावर दोघांनी टेबलावर पेला ठेवून, वर टॉर्च धरून त्यांना सगळं करून दाखवलं. त्यांनी मुलाला तीन प्रश्न विचारले, दोनांची उत्तरं त्याला आली.

माहेरच्या शेततळ्याला भावाने चारही बाजूंना दोर बांधून घेतले. डॉक्टर, मनापासून आभार.

---

गावची_डॉक्टर | १८ मे, सकाळी ६.५०

दोरांचं वाचून फार बरं वाटलं. त्याला गाठीही मारून ठेवायला सांगा, ओल्या हाताची पकड सुटत नाही.

---

आकाशकंदील | १८ मे, ९.१०

तिसरा प्रश्न कोणता होता?

---

मृण्मयी_डोंबिवली | १८ मे, ९.४४

"मग दिल्लीला कधी?" तो विचारात पडलाय.

---

आकाशकंदील | १८ मे, ९.५२

आजींना माझा नमस्कार. उत्तर : कधीच नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला. पण त्याला लगेच सांगू नका, नकाशा द्या.

---

मृण्मयी_डोंबिवली | ११ जून, रात्री ९.०५

सापडलं त्याला, नकाशावर पट्टी ठेवून.

कुरडया झाल्या, एक किलोच्या. पावसाने गाठलं म्हणून शेवटच्या ताटातल्या पंख्याखाली वाळवल्या. चीक सासूबाईंनी ठरवला. गुरुवारी शाळेची तयारी काढली. रात्री साडेनऊला झोपायचं हे आठवडाभर आधीपासून सुरू केलंय, पहिल्या दिवशी ओढाताण नको म्हणून.

आणि अकोल्याचा भाऊ यंदा पत्र वाचून हट्टाने लवकर आलाय, आजच. आता एक अडचण. दुपारी चौघं बसतात आणि पाच-तीन-दोन तिघांचंच. चौथ्याला काय द्यायचं?

---

सागरगोटे | ११ जून, ९.११

चौघं आहेत ना? मेंढीकोट! आजी आणि लहानी एका बाजूला, दोघे भाऊ दुसऱ्या. चारही दश्श्या ज्याच्याकडे, त्याचा कोट. उद्या दुपारी कुणी कुणावर कोट चढवला ते इथे येऊन लिहा.